मीटर सगळीकडे वाजतो, तेव्हा शॉर्ट कुठे असतो?

इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत "बोर्ड शॉर्ट आहे" हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. शॉर्ट म्हणजे वीज वाहणारी एखादी वाट मधे काही न अडवता थेट परतीच्या वाटेला जोडली जाणं. ग्राहकाला त्यातून एवढंच कळतं की आता खर्च मोठा आहे. बोर्ड शॉर्ट आहे हे ओळखायला मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लावला की मिनिटभर पुरतं. तो शॉर्ट नेमका कुठे आहे हे शोधणं मात्र वेगळं काम आहे, आणि ते नीट न केल्यामुळे कितीतरी चांगले बोर्ड "डेड" ठरून भंगारात जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुष्कळदा बिघाड तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एका कॅपॅसिटरमध्ये असतो. शोधायची पद्धत अवघड नाही, तिला महागडं यंत्रही लागत नाही. ओहमचा नियम शाळेत शिकलेल्या कुणालाही ती समजेल.

आधी बोर्डाकडे पाहू. लॅपटॉपच्या बोर्डावर चार्जरकडून साधारण १९ व्होल्ट येतात. त्यातून ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, मेमरीसाठी त्याहून कमी आणि प्रोसेसरसाठी १ व्होल्टच्या आसपास अशा वेगवेगळ्या लाइन तयार होतात. प्रत्येक लाइन म्हणजे बोर्डातली तांब्याची वाट, आणि परतीची वाट सगळ्यांची एकच, ती म्हणजे ग्राउंड. बोर्डाच्या आत तांब्याचे अख्खे थरच्या थर ग्राउंडसाठी सोडलेले असतात. आता आयसीला, म्हणजे चिपला, लागणारा करंट सेकंदाच्या अब्जाव्या भागांत कमी-जास्त होतो. दूरच्या सप्लायकडून इतक्या लवकर तो पोचत नाही, म्हणून प्रत्येक आयसीच्या अगदी जवळ, लाइन आणि ग्राउंड यांच्या मध्ये, छोटे कॅपॅसिटर बसवलेले असतात. एकेका लाइनवर असे डझनावारी असतात. दुकानात त्यांना नुसतं कॅप म्हणतात. या सगळ्या कॅपचं एक टोक लाइनला आणि दुसरं ग्राउंडला. यातला एक जरी आतून जोडला गेला, तरी अख्खी लाइन ग्राउंडला बसते, म्हणजे शॉर्ट होते.

तो आतून जोडला कसा जातो? तपकिरी रंगाचे हे कॅप सिरॅमिकचे असतात. आत बेरियम टायटनेटचे काही मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ थर, त्यांच्या मध्ये धातूचे थर, असे शेकडो थर एकावर एक. सिरॅमिक कडक असतं, ते वाकत नाही, तडकतं. बोर्ड मात्र वाकतो. स्क्रू जास्त आवळला, कनेक्टर जोर लावून खुपसला, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलायची सवय असली, की बोर्डाला बारीकशी लवण बसते आणि कॅपच्या टोकाशी तिरपी चीर जाते. बाहेरून ती बहुधा दिसत नाही. त्या दिवशी मशीन चालू राहतं. पुढे त्या चिरेत ओल शिरते, व्होल्टेजच्या जोरावर धातू हळूहळू सरकत एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत पूल बांधतो, आणि काही महिन्यांनी "काल तर चांगला चालत होता" असं म्हणत तो लॅपटॉप काउंटरवर येतो. म्हणून बोर्ड हातात घेतल्यावर स्क्रूच्या भोकांजवळचे, कडेचे आणि कनेक्टरलगतचे कॅप भिंगाखाली आधी बघावेत. कधीकधी तिथेच उडालेला टवका किंवा काळा ठिपका दिसतो आणि काम तिथेच संपतं.

दिसला नाही तर मीटर. इथे पहिला गोंधळ होतो. मीटरचं बीप हे शॉर्टचा पुरावा नाही. बहुतेक मीटर काही दशक ओहमच्या खाली गेलं की वाजतात. प्रोसेसरच्या लाइनवर चांगल्या बोर्डातही ग्राउंडपर्यंत काही ओहम, कधी त्याहूनही कमी दिसतात, कारण प्रोसेसरच्या आत कोट्यवधी ट्रान्झिस्टर एकाच वेळी थोडाथोडा करंट गळू देत असतात. नवशिक्या मुलगा तिथे बीप ऐकतो आणि प्रोसेसर गेला म्हणून मोकळा होतो. तेव्हा बीप बंद करून आकडा वाचायचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरींचाच रेझिस्टन्स किती येतो ते बघायचं, साधारण ०.१ ते ०.३ ओहम, आणि तो वजा करायचा. ३.३ किंवा ५ व्होल्टच्या लाइनवर वजाबाकीनंतर ०.१ ओहम उरला तर शॉर्ट आहे यात शंका नाही. प्रोसेसरच्या लाइनवर ०.८ ओहम आला तर लगेच निकाल देऊ नये. तसाच चांगला बोर्ड मिळाला तर त्याच्याशी ताडून बघावं.

मीटरच्या डायोड मोडमध्ये, जिथे आकडा व्होल्टमध्ये दिसतो, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा लाइनवर लावला, तर चांगल्या लाइनवर साधारण ०.३ ते ०.७ दिसतं, कारण आयसीच्या आतल्या डायोडमधून करंट उलट वाट काढतो. तिथे ०.००० आलं तर फुल शॉर्ट. ०.०५, ०.१ असं काही आलं की कारागीर हाफ शॉर्ट म्हणतात, म्हणजे लाइन पूर्ण बसलेली नाही पण गळती मोठी आहे. या दोहोंचा शोध थोडा वेगवेगळा करावा लागतो, त्याकडे पुढे येतो.

आता खरी अडचण. "काका, जिथं लावतो तिथं वाजतंय," असं शिकाऊ मुलं म्हणतात, आणि ते बरोबर असतं. एका लाइनवरचे सगळे कॅप समांतर जोडलेले आहेत. एक बसला की चाळीसच्या चाळीस मीटरला सारखेच दिसतात, कारण मीटर त्या एका कॅपला मोजत नाही, पूर्ण लाइनला मोजतो. ०.१ ओहमच्या खालचा फरक साध्या मीटरला दिसत नाही, आणि बोर्डावरच्या दोन जागांमधला फरक नेमका त्याच्या खालचा असतो.

अशा वेळी बरेच जण हॉट एअर, म्हणजे सोल्डर वितळवणारी गरम हवेची बंदूक, घेतात आणि एकेक कॅप उचलायला लागतात. एक काढला, मीटर लावला, अजून वाजतंय, पुढचा काढला. मला ही पद्धत मुळीच मान्य नाही. नशीब असेल तर तिसऱ्या कॅपला शॉर्ट जातो. नसेल तर वीस कॅप निघतात, प्रत्येक वेळी शेजारचे भाग भाजतात, एखादा पॅड, म्हणजे भाग डाखायची बोर्डावरची जागा, तांब्यासकट उखडतो, आणि शेवटी शॉर्ट एखाद्या आयसीत होता असं निघतं. शॉर्ट स्वतः आपली जागा सांगतो. फक्त त्यातून करंट वाहू द्यायला हवा आणि तो वाहत असताना मोजायला हवं.

व्होल्टेज कुठे उतरायचं थांबतं

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरएक किलोमीटर लांबून चढवून आणलं जातं, त्यामुळे पाइप आणि प्रेशर हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. समजा एका गल्लीतल्या सगळ्यांनी नळ बंद ठेवले आहेत आणि पाइप कुठेतरी जमिनीखाली फुटला आहे. टाकीपासून फुटलेल्या जागेपर्यंत पाणी वाहतंय, म्हणून त्या तेवढ्या भागात प्रेशर पावलापावलाने उतरत जाईल. फुटलेल्या जागेच्या पलीकडे पाणी वाहतच नाही, म्हणून तिथे पाइप भरलेला असेल पण प्रेशर उतरायचं थांबेल, पुढे सगळीकडे एकच. जिथे उतरण थांबते तिथे खणायचं.

बोर्डावर हेच करता येतं. मशीन बंद, बॅटरी काढलेली, चार्जर लांब. व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येणाऱ्या बाहेरच्या डीसी सप्लायने शॉर्ट झालेल्या लाइनमध्ये एका ठिकाणाहून १ अँपिअर करंट सोडायचा. शॉर्टपर्यंतच्या तांब्यातून तो करंट वाहील आणि त्या वाटेवर व्होल्टेज थोडंथोडं उतरत जाईल. शॉर्टच्या पलीकडे करंट नाही, म्हणून तिथे व्होल्टेज सपाट. जी फांदी शॉर्टकडे जात नाही तिच्यावरही सपाट, ती जिथून फुटली तिथलाच आकडा टोकापर्यंत.

तांब्यात इतका फरक पडतो का, असं वाटेल. हिशोब करून बघा. बोर्डावरचं तांबं साधारणपणे ३५ मायक्रॉन जाडीचं धरतात. अशा तांब्याच्या कुठल्याही चौकोनी तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रेझिस्टन्स सुमारे अर्धा मिलिओहम असतो, चौकोन लहान असो की मोठा. पाव मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे असे १०० चौकोन, म्हणून ५० मिलिओहम. त्यातून १ अँपिअर गेला की ५० मिलिव्होल्ट उतरतात. आपला नेहमीचा मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. ओहम मोजताना आंधळा असलेला तोच मीटर आता त्या एका पट्टीवर पाचशे पायऱ्या वेगळ्या दाखवू शकतो. शिवाय करंट एका जोडीच्या वायरींतून जातो आणि मोजणी दुसऱ्या जोडीने होते, त्यामुळे वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स मधे येत नाही. लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाणारी चार वायरींची मोजणी ती हीच.

सप्लाय कसा लावायचा हे मात्र जपून. आधी व्होल्टेजची मर्यादा, मग करंटची. ३.३ किंवा ५ व्होल्टच्या लाइनवर १ व्होल्ट पुरे, प्रोसेसरच्या लाइनवर तिच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा कमी, ०.५-०.६ सुद्धा चालतं. करंट १ अँपिअरपासून सुरू. काही दुकानांत ३.३ च्या लाइनवर सरळ ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त सोडून "जळू दे जे जळायचं ते" असं करतात. शॉर्ट असेपर्यंत व्होल्टेज दबलेलं असतं म्हणून काही होत नाही. पण ज्या क्षणी तो कॅप जळून उघडतो त्या क्षणी लावलेलं पूर्ण व्होल्टेज लाइनवर येतं, आणि लाइनवरचे सगळे चांगले आयसी एकदम मरतात. ग्राहकाचा डेटा ज्या चिपवर आहे तीही त्यात असू शकते. १ व्होल्टच्या मर्यादेने ही भीतीच उरत नाही. प्लस लाइनला आणि मायनस ग्राउंडला, हे दोनदा तपासायचं. उलटं लागलं तर करंट आयसींच्या आतल्या डायोडमधूनही धावू शकतो.

एक बोर्ड घेऊन बघू. लॅपटॉप, पॉवर बटण दाबल्यावर काहीच नाही, ३.३ व्होल्टच्या लाइनवर मीटर ०.४ ओहम दाखवतो, त्यातले ०.३ वायरींचे. ती लाइन जिथून सुरू होते तिथल्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, बाहेरच्या टोकाला प्लस वायर डाखली, शेजारच्या ग्राउंडला मायनस, आणि १ अँपिअर सोडला. सप्लायच्या डिस्प्लेवर अर्धा व्होल्ट दिसतो, पण त्यातला बराचसा सप्लायच्या वायरींतच पडतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. मीटरचा काळा प्रोब मायनस वायरीजवळच्या ग्राउंडवर स्थिर ठेवला. लाल प्रोब कॉइलच्या टोकाला: १३१.० मिलिव्होल्ट. थोडं पुढे, लाइन दोन फांद्यांत फुटते तिथल्या कॅपवर: ११८.३. ऑडिओ आयसीकडे जाणाऱ्या फांदीवर तीन-चार ठिकाणी: ११८.३, ११८.३, ११८.३. म्हणजे तिकडे करंट जातच नाही. ती अख्खी फांदी बाद झाली, आणि तिच्यावरचा एकही कॅप उचलावा लागला नाही. दुसरी फांदी वायफाय कार्डाकडे जाते. तिच्यावर ११०, मग १०४, मग कार्डाच्या सॉकेटजवळ ९७.६. सॉकेटच्या बाजूला चार कॅप ओळीने आहेत. पहिल्यावर ९७.४, दुसऱ्यावर ९७.२, तिसऱ्यावर ९७.२, चौथ्यावर ९७.२. उतरण दुसऱ्यावर थांबली.

इथे घाई करायची नाही. ०.१-०.२ मिलिव्होल्टचा फरक प्रोब पॅडवर कसा टेकला यानेही पडतो. म्हणून ग्राउंडची बाजू मोजायची. करंट शॉर्टमधून ग्राउंडमध्ये उतरतो आणि तिथून मायनस वायरीकडे परत येतो, तेव्हा ग्राउंडचं व्होल्टेज शॉर्टच्या जागी सर्वांत जास्त चढलेलं असतं. चारही कॅपच्या ग्राउंडकडच्या टोकांवर लाल प्रोब ठेवला तर ५.३, ६.०, ५.५, ५.१ असे आकडे आले. दुसऱ्याच कॅपवर लाइन सर्वांत खाली आणि ग्राउंड सर्वांत वर. त्या कॅपच्या दोन टोकांमध्ये ९१.२ मिलिव्होल्ट, म्हणजे आत सुमारे ०.०९ ओहम. तो कॅप वायफाय कार्ड पकडणाऱ्या स्क्रूच्या अगदी लगत होता. उचलला, आणि मीटर मोकळा झाला.

लाइन अरुंद पट्टी नसून तांब्याचा अख्खा पत्राच असेल, प्रोसेसरच्या लाइनवर तसंच असतं, तर फरक फार बारीक होतात. ३ अँपिअर सोडला तरी एका चौकोनावर दीड मिलिव्होल्ट. तरीही मोजता येतं, कारण चारी बाजूंनी आलेला करंट शॉर्टजवळ एका बिंदूत गोळा होतो आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत उतरण एकदम तीव्र होते. ज्या भागात आकडे झपाट्याने बदलायला लागले, तिथे जवळ आलो म्हणून समजावं.

उष्णता

दुकानांत जास्त चालणारी पद्धत उष्णतेची. करंट सोडायचा आणि काय गरम होतंय ते बघायचं. वरच्याच कॅपमध्ये १ अँपिअरला ०.०९ वॅट उष्णता होते, ३ अँपिअरला ०.८१ वॅट, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १ मिलिमीटर लांबीच्या कॅपला ०.८ वॅट म्हणजे काही सेकंदांत बोट ठेववणार नाही. मग ही पद्धत सोपी असताना मिलिव्होल्ट कशाला मोजायचे? कारण फुल शॉर्टमध्ये ती फसवते. शॉर्ट ०.०१ ओहमचा असेल तर ३ अँपिअरलाही त्यात फक्त ०.०९ वॅट होतात, आणि तिथवर नेणारी पट्टी ०.०४ ओहमची असेल तर तिच्यात ०.३६ वॅट. गरम पट्टी होते, शॉर्ट थंड राहतो. लोक मग करंट वाढवत नेतात आणि पट्टीच जाळून बसतात. माझ्या मते हाफ शॉर्टला आधी उष्णता, फुल शॉर्टला आधी मिलिव्होल्ट, हा क्रम धरावा.

गरम जागा बघायचा स्वस्त मार्ग म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. संशयित भागावर पातळ थर लावायचा, मग करंट सोडायचा. गरम कॅपवरचा थर सर्वांत आधी उडतो आणि तेवढाच ठिपका कोरडा होतो. एक इशारा इथे द्यायलाच हवा. हे द्रव्य १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. शेजारी हॉट एअर चालू ठेवून अल्कोहोल ओतू नये, बाटलीचं झाकण उघडं ठेवू नये, पंखा चालू किंवा खिडकी उघडी असावी.

मोबाइलवाले राळ वापरतात. डाखणीच्या गरम टोकावर राळेचा खडा ठेवला की धूर निघतो, तो बोर्डावर धरला की सगळ्या भागांवर पांढरा थर बसतो. करंट सोडताच शॉर्ट असलेल्या भागावरचा थर वितळून पारदर्शक होतो आणि त्याचा खरा रंग उघडा पडतो. इतक्या दाटीच्या बोर्डावर, जिथे कॅप अर्ध्या मिलिमीटरचे असतात, ही पद्धत फार नेमकी आहे. तो धूर छातीला वाईट, दमा असलेल्याने त्यापासून दूरच राहावं.

थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम. पण चकचकीत धातू कॅमेऱ्याला थंड दिसतो, कारण तो स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. कॉइलची चमकदार टोकं, धातूचं कवच असलेले आयसी यांच्या बाबतीत त्यामुळे चूक होते. तिथे साध्या कागदी टेपचा तुकडा चिकटवून मग बघावं. कवच सोल्डर केलेलं असेल तर ते काढल्याशिवाय खालचं काही कळणार नाही.

कॅप नसेल तर

सगळे शॉर्ट कॅपचेच नसतात. १९ व्होल्टवरून १ किंवा ३.३ व्होल्ट तयार करणाऱ्या भागात दोन मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, आणि एक कॉइल असते. वरचा मॉसफेट १९ व्होल्ट कॉइलकडे सोडतो, खालचा कॉइलला ग्राउंडशी जोडतो. खालचा मॉसफेट बसला तर त्याची लाइन ग्राउंडला गेलेली दिसते, आणि कॉइलचा रेझिस्टन्स काही मिलिओहमच असल्याने कॉइलच्या दोन्ही बाजू मीटरला सारख्याच शॉर्ट दिसतात. पुष्कळ जण कॉइल उखडून दोन बाजू वेगळ्या करतात. कॉइल मोठी, तिला उष्णता खूप लागते, पॅड जातात. त्याऐवजी लाइनमध्ये, कॉइलपासून दूर, करंट सोडा आणि कॉइलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघा. शून्य आलं तर कॉइलमधून करंट जात नाही, शॉर्ट लाइनकडे आहे. ४-५ मिलिव्होल्ट आले आणि लाइनकडचं टोक जास्त असलं, तर करंट कॉइलमधून मॉसफेटकडे चालला आहे. कॉइल हलवायची गरजच पडली नाही.

वरचा मॉसफेट बसणं सगळ्यांत घातक. तेव्हा १९ व्होल्ट थेट प्रोसेसरच्या लाइनवर येतात. १९ च्या लाइनवर शॉर्ट सापडला की नवा मॉसफेट टाकण्याआधी प्रोसेसरची लाइन मोजावी, आणि ती शून्य असेल तर ग्राहकाला तेव्हाच स्पष्ट सांगावं. प्रोसेसरच मेला असेल तर मॉसफेटचे पैसे घेण्यात अर्थ नाही. टँटलम कॅपही बसतात. ते पिवळे किंवा काळे असतात, पट्टी असलेलं टोक प्लस. बदलताना उलटा लागला तर पेट घेतो.

काही शॉर्ट कुठल्याच भागात नसतात. आयसीखाली सोल्डरच्या दोन गोळ्या एकमेकांना भिडलेल्या असतात, तिथे एक्स-रे किंवा आयसी उचलणं एवढेच मार्ग. बोर्ड काचेच्या कापडाचा आणि एपॉक्सीचा असतो. दोन भोकं फार जवळ असली तर काचेच्या धाग्याच्या कडेने तांब्याचा केसासारखा तंतू आतल्या आत वाढत जातो. कथिलाच्या मुलाम्यातून आपोआप फुटणारे बारीक तंतू हा आणखी एक प्रकार, नासाने उपग्रहांच्या बिघाडांत त्यांची नोंद केलेली आहे. युरोपात जुलै २००६ पासून शिशाचं सोल्डर बंद झाल्यावर त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागलं. आपल्याकडे पावसाळ्यात येणारे इन्व्हर्टरचे, पंपाचे आणि पीथमपूरच्या कारखान्यांतल्या मशीनचे बोर्ड मात्र बहुधा साध्या कारणाने बसतात: धूळ, ओल, डाखणीत वापरलेल्या फ्लक्सचा न पुसलेला चिकटा, मेलेली पाल. धुळीतले क्षार ओले झाले की दोन पायांमध्ये धातूचे फाटे वाढतात. असा बोर्ड हाती आला की मोजण्याआधी अल्कोहोल आणि ब्रशने धुवून चांगला वाळवावा. निम्मे संशय तिथेच मिटतात. या बोर्डांच्या वीजजोडणीच्या बाजूला २३० व्होल्टपासून बनलेले ३२५ व्होल्ट मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठलेले असतात. ते उतरले आहेत हे मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

बोर्ड पूर्ण थंड असताना मीटरला काहीच सापडत नाही आणि चालू केल्यावर मात्र फ्यूज जातो, असंही होतं. मीटर रेझिस्टन्स मोजताना फारच कमी व्होल्टेज लावतो. चिरलेला कॅप १ व्होल्टला शांत आणि १५ व्होल्टला वाहणारा असू शकतो. तेव्हा बाहेरच्या सप्लायने त्या लाइनचं व्होल्टेज तिच्या नेहमीच्या आकड्यापर्यंत, पुढे नाही, हळूहळू चढवायचं, करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवायची, आणि करंट कुठल्या व्होल्टला उडी घेतो ते बघायचं. त्या उडीच्या वेळी काय गरम होतं तो आपला भाग.

भाग सापडला, काढला, मीटर मोकळा झाला, म्हणजे लगेच चार्जर लावायचा नाही. काढलेला कॅप वेगळा मोजा. तो मीटरवर शॉर्टच दिसला पाहिजे. तो चांगला निघाला तर शॉर्ट हॉट एअरच्या उष्णतेने तात्पुरता सुटलेला असू शकतो आणि परत येईल. एका लाइनवर वीस कॅप असताना एक नसला तरी बोर्ड बहुधा चालतो, म्हणून ती जागा मोकळीच सोडायची सवय काहींना आहे. तसं करू नये. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा कॅप लावावा; १९ च्या लाइनवर २५ व्होल्टपेक्षा कमी नको. मग पहिली सुरुवात बाहेरच्या सप्लायनेच, १९ व्होल्ट आणि करंटची मर्यादा कमी ठेवून. बटण दाबण्यापूर्वी बोर्डाने काही दशक मिलिअँपिअरच घ्यायला हवेत. बटण दाबल्यावर करंट पायरीपायरीने चढतो, तेव्हा एकेक लाइन उभी राहत असते. तसं दिसलं की मर्यादा वाढवत जायची. बॅटरी सर्वांत शेवटी जोडायची, कारण तिच्यातून येणाऱ्या करंटला आपल्या हाताने मर्यादा घालता येत नाही.